सातबारा, हळद आणि 28 दिवस

एसटीत असाल, रानात असाल नाहीतर अभ्यासिकेच्या पायरीवर, जिथं असाल तिथून ऐका. आज पैशाचं बोलायचंय.

बाहेर शिकायला जायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "इंग्लिश जमंल का?" जमतं हो. चार-सहा महिने नेट लावून घासलं की आयईएलटीएस निघते. माझ्या घरी अडलं ते पासबुकापाशी.

मी औंढा नागनाथ तालुक्यातली. घरी सहा एकर, त्यात दोन एकर हळद, बाकी सोयाबीन आणि तूर. एका वर्षाच्या मास्टर्ससाठी मी इंग्लंडला गेले. तिथल्या स्टुडंट व्हिसाला उरलेली फी आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च दाखवावा लागतो. नुसता दाखवून भागत नाही, ती रक्कम सलग 28 दिवस खात्यात पडून राहायला हवी. एक दिवस जरी खाली आली, तरी मोजणी पुन्हा एकपासून.

आता हे आपल्या कॅलेंडरवर ठेवून बघा. सप्टेंबरच्या प्रवेशासाठी हे 28 दिवस साधारण जून-जुलैत पडतात. सोयाबीनचा पैसा येतो दिवाळीच्या आगंमागं, तोवर तिकडं कॉलेज सुरू होऊन गेलेलं असतं. हळदीचं बरं आहे. फेब्रुवारी-मार्चात काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आणि एप्रिल-मेमध्ये हिंगोलीच्या नाहीतर वसमतच्या मार्केटला न्यायची. म्हणजे पैसा वेळेवर येतो. पण लगेच मृग लागतो! बियाणं, खत, ट्रॅक्टर, मजुरी, सगळं त्याच पैशातून. नियम बनवणाऱ्याच्या डोळ्यापुढं महिन्याच्या एक तारखेला पगार होणारं घर असणार. आपल्या घरात पैसा येतो तोच जाण्यासाठी.

त्या जूनमध्ये अण्णांच्या खात्यात आमच्या घरानं कधी पाहिली नव्हती एवढी रक्कम होती, आणि कृषी सेवा केंद्रातून बियाण्याच्या बॅगा उधारीवर आल्या. उधारीचा भाव वेगळा असतो, तुम्हाला माहितीये. अठराव्या की एकोणिसाव्या दिवशी पाऊस चांगला झाला, सगळ्या गावाची पेरणी सुरू झाली आणि आमच्याकडे डीएपीला पैसे नव्हते. म्हणजे होते, पण काढता येत नव्हते. मी म्हटलं, "अण्णा, काढा. पुढच्या वर्षी जाईन मी." अण्णा म्हणाले, "असू दे माय, मी बघतो." ते मोटारसायकल घेऊन मावशीच्या गावाला गेले आणि रात्री परत आले. किती आणले, कसे आणले, ते आजपर्यंत त्यांनी मला सांगितलं नाही.

दुसरं, खातं आई-वडिलांचं असेल तर त्यांचं संमतिपत्र लागतं आणि नातं सिद्ध करायला जन्मदाखला. माझ्या दाखल्यावर नावाची जागा कोरीच होती, नुसतं 'स्त्री' लिहिलेलं. नाव नोंदवून घेण्यात बऱ्याच चकरा झाल्या. तुमचा दाखला आज रात्रीच काढून बघा.

फीसाठी कर्ज काढलं. कर्जाचं एक चांगलं आहे, मान्यताप्राप्त बँकेचं मंजुरीपत्र असेल तर त्या रकमेला 28 दिवसांची अट लागत नाही. पण मोठ्या कर्जाला तारण मागतात आणि शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत. सहा एकरांचा सातबारा तिथं कागदच राहतो. शेवटी काकांचा हिंगोलीतला एनए प्लॉट ठेवला. तो अजून सुटलेला नाही. दर महिन्याला हप्ता भरताना मला काकू आठवते, कारण त्या प्लॉटवर घर बांधायचं तिच्या मनात होतं.

"महिनाभर तुमच्या खात्यात पैसे टाकतो, व्याज द्या" असं सांगणारे एजंटही भेटतील. आम्हालाही एक भेटला होता. खोटी कागदपत्रं पकडली गेली तर यूके दहा वर्षांपर्यंत दार बंद करू शकतं. अशा माणसाचा चहासुद्धा पिऊ नका.

हा प्रश्न नवा नाही बरं का. 1913 मध्ये बाबासाहेब कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. मुदत संपली तेव्हा लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. 1920 मध्ये ते पुन्हा गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज, असं जुळवून. एवढ्या मोठ्या माणसालाही जुळवाजुळव चुकली नाही.

त्याच शाहू महाराजांच्या नावानं राज्याच्या समाजकल्याणची परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी. ओबीसी, भटके-विमुक्त आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी त्या-त्या विभागाच्या वेगळ्या योजना आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत तर भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या लेकरांसाठीही जागा आहेत. थोड्याच आहेत, पण आपल्या सेनगाव-कळमनुरीत किती जणांना हे ठाऊक आहे? अटी बदलत राहतात, त्यामुळे व्हॉट्सॲपवरचा फोटो नको, चालू वर्षाची मूळ जाहिरातच वाचा. आणि निकाल कधी लागतो ते विचारा, कारण विद्यापीठाच्या डिपॉझिटची तारीख त्याच्यासाठी थांबत नाही.

पुढच्या सप्टेंबरला जायचं असेल तर या दिवाळीत, सोयाबीनचे पैसे हातात असताना घरी बसून बोला. जूनमध्ये खतासाठी वेगळे किती ठेवायचे, ते आधी ठरवा. त्या बोलण्यात आईलाही बसवा, उधारी कुणाची किती आहे ते तिलाच पाठ असतं.

चला, पुढच्या भागात तिकडं खोली शोधण्याचं सांगते. तो वेगळाच तमाशा आहे.