आजार एकाचा, कसोटी घराची



मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले की घरात पहिली कुजबुज होते ती ‘त्यांना सांगू नका’ अशी. हे मौन मला अन्यायाचे वाटते. महिनोन्महिने पडणारे रक्त मूळव्याध समजून ज्यांनी अंगावर काढले, त्यांना आपल्या देहाची वार्ता बहुधा आधीच लागलेली असते. निदान त्यांच्यासमक्षच ऐकावे. आणि शब्दाला भिण्याऐवजी डॉक्टरांना विचारावे: गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली आहे? लसिकाग्रंथींत वा यकृतात पोहोचली आहे काय? उपचारांची दिशा त्यावरच ठरते.

शस्त्रक्रियेनंतर काहींच्या पोटावर मलविसर्जनाची पिशवी लावावी लागते. कित्येकदा ती तात्पुरती असते. ती बदलण्यास घरातील एकाने तरी शिकावे, आणि तेही नाक न मुरडता. परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्यांनी निवाऱ्याची चौकशी आधीच करावी. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती येथे अशांची सोय होते.

आणखी एक. रुग्णाच्या भावंडांनी व मुलांनी वयाच्या ४०व्या वर्षी, किंवा रुग्णाचे निदान ज्या वयात झाले त्याच्या १० वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करवून घ्यावी. कर्करोगात रूपांतर होण्यापूर्वीची मांसल वाढ बहुतेकदा त्या तपासणीतच काढून टाकता येते.