मुंबई ते लंडन: अंतर आणि वेळ

मुंबईहून लंडन किती लांब? सरळ हवाई अंतर आहे सुमारे ७,२०० किलोमीटर. पण हे 'सरळ' म्हणजे काय, तेच पाहण्यासारखं आहे. भिंतीवरच्या नकाशावर दोन्ही शहरं पट्टीनं जोडा. रेषेचा मध्य सीरिया-तुर्कस्तानच्या सीमेजवळ येतो. आता घरातला पृथ्वीगोल घ्या आणि त्यावर दोरा ताणून धरा. दोरा उत्तरेकडे सरकतो आणि मध्य येतो थेट जॉर्जियातल्या तिबिलिसीजवळ! पृथ्वी गोल असल्यानं सगळ्यात जवळची वाट हीच. अर्थात, बंद हवाई हद्दी टाळताना विमानाला वळसाही पडतो.

जाताना साधारण साडेनऊ-दहा तास लागतात, येताना त्याहून कमी. कारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. येताना तेच वारे विमानाला पाठीमागून रेटतात, जाताना समोरून अडवतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघालं, तेव्हा कैरो आणि जिनिव्हा इथं थांबे घ्यावे लागले होते. आज पोट भरून इंधन घेतलेलं विमान मध्ये कुठंही उतरत नाही.

आणि हो, लंडनला निघालेल्या लेकीला पोचल्याचा फोन करायला सांगाल, तेव्हा लक्षात असू द्या: लंडनचं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार.