टॅबवरचा पंचनामा

(महिला सल्ला केंद्रांतील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात कायद्याची कलमं झाली. मला मात्र दोन बटणांबद्दल बोलायचं आहे. टॅबची दोन बटणं एकदम दाबली की पडद्यावर जे दिसतं त्याचा फोटो टॅबमध्येच साठतो. त्याला स्क्रीनशॉट म्हणतात, हे तुम्हा सगळ्याजणींना ठाऊक आहे. मग त्यावर भाषण कशाला? कारण केंद्रात येणारी बाई हल्ली फोन नाहीतर टॅब घेऊनच येते. "ताई, सगळं यात आहे," म्हणते. आणि उघडून बघावं तर काही नसतं. त्याने मेसेज पुसलेला असतो, किंवा तिनेच भीतीने, लाजेने पुसलेला असतो. कधी फोटो असतो, पण असा कापलेला की शिवी दिसते आणि शिवी देणारा दिसत नाही.

पुराव्याचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. मथुरेवर १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. तिच्या अंगावर जखमांच्या खुणा नव्हत्या, तिने प्रतिकार केल्याचं दिसत नव्हतं, हे त्यातलं एक मोठं कारण. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पण "दाखवायला काही आहे का?" हा प्रश्न काही गेला नाही. चौकीतही तोच, माहेरच्या ओटीवरही तोच. आता फरक एवढाच पडला आहे की छळणारा माणूस स्वतःच लिहून देतो. धमकी तो टाइप करतो, आणि तारीख-वेळ त्याच्याखाली आपोआप उमटते. एवढा लेखी पुरावा बाईच्या हाती पूर्वी कधी आला नव्हता. तो नीट जपणं हे आता आपल्या कामातलंच एक काम झालं आहे.

टॅबविषयी वेगळं बोलते, त्यालाही कारण आहे. मुंबई महापालिकेने २०१५ पासून आठवीच्या मुलांना टॅब दिले. २०२० च्या टाळेबंदीत शाळा ऑनलाइन झाल्या, तेव्हा पोटाला चिमटा घेऊन लोकांनी मुलांसाठी टॅब घेतले. फोन नवऱ्याच्या खिशात जातो, टॅब घरात राहतो. दुपारी मुलं बाहेर गेली की तो बाईच्या हाती येतो. पण संध्याकाळी तोच टॅब सासूच्या मांडीवर, दिराच्या हातात असतो. आज मी जे काही सांगणार आहे ते या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवून ऐका.

आधी काढायचा कसा. अँड्रॉइड टॅबवर पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबायचं. आयपॅडला खाली गोल होम बटण असेल तर ते आणि वरचं बटण, नसेल तर वरचं बटण आणि आवाजाचं कुठलंही एक. बटणं दाबल्यावर कॅमेऱ्यासारखा 'खट्' आवाज होऊ शकतो, म्हणून घरात कुणी असेल तर आवाज आधी बंद करा. फोटो 'स्क्रीनशॉट्स' नावाच्या कप्प्यात जाऊन बसतो. आयपॅडवर डाव्या कोपऱ्यात त्याची छोटी प्रत तरंगू शकते. तिला हात लावू नका, ती आपोआप साठवली जाते. हात लावला की रंग-पेन्सिलींचं पान उघडतं आणि आपल्यालाही लाल गोल काढायचा मोह होतो.

तो मोह आवरायचा. शिवीभोवती गोल काढला, बाजूचा मजकूर कापला, की समोरचा वकील विचारणार, "आणखी काय काय बदललंत?" खुणा करायच्याच असतील तर प्रत काढून त्या प्रतीवर करा.

फोटोत काय आलं पाहिजे, ते सांगते. पाठवणाऱ्याचा नंबर आला पाहिजे, नुसतं नाव पुरत नाही. बायका नंबर 'पप्पू भावजी' नाहीतर 'दूधवाला' म्हणून साठवतात. स्क्रीनशॉटमध्ये तेवढंच दिसतं, आणि तो भावजी शपथेवर सांगतो की हा मी नव्हेच. म्हणून नावावर बोट ठेवून त्याची माहिती उघडायची आणि नंबर दिसणाऱ्या त्या पानाचाही फोटो घ्यायचा. इन्स्टाग्राम, फेसबुकवर वर दिसणारं नाव रोज बदलता येतं, म्हणून खात्याचं युजरनेम आणि पानाचा पत्ता घ्यायचा. मग तारीख. व्हॉट्सॲप ताज्या मेसेजवर 'आज', 'काल' एवढंच लिहितं. सहा महिन्यांनी कोर्टात 'काल' म्हणजे कधी? आयपॅडच्या वरच्या पट्टीत वेळेबरोबर तारीखही असते, ती फोटोत येते. अँड्रॉइडवर ती दिसेलच असं नाही. तिथे काही दिवसांनी, 'काल'ची तारीख झाल्यावर, तोच मेसेज पुन्हा एकदा टिपून ठेवा. पण पहिला फोटो लगेच काढायचा, थांबायचं नाही. व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्याला साधारण दोन दिवसांपर्यंत आपला मेसेज दोन्हीकडून पुसता येतो. मागे राहतं ते 'हा मेसेज डिलीट केला' एवढंच वाक्य.

मोठं संभाषण असेल तर एका फोटोतला शेवटचा मेसेज पुढच्या फोटोत पहिला आला पाहिजे. वीटकामात सांधा ठेवतात तसं. मधलं काही गाळलं नाही हे त्यावरून कळतं. तिने दिलेली उत्तरंही ठेवा, तिने रागाने लिहिलेलं असलं तरी. ते लपवलं तर समोरचा पक्ष आणून ठेवतोच, आणि मग तिच्या सगळ्याच बोलण्यावर संशय येतो.

काही ठिकाणी स्क्रीनशॉट निघत नाही. व्हॉट्सॲपवर 'एकदाच बघा' असा फोटो आला तर ते स्क्रीनशॉट अडवतं. स्नॅपचॅटवर, आणि इन्स्टाग्रामच्या नाहीशा होणाऱ्या मेसेजवर, स्क्रीनशॉट काढला की पाठवणाऱ्याला कळतं. हे त्या बाईला आधी सांगायलाच हवं, कारण त्याला कळणं म्हणजे रात्री मार. अशा वेळी दुसऱ्या फोनने टॅबच्या पडद्याचा फोटो घ्यायचा. साध्या व्हॉट्सॲप संभाषणाचा स्क्रीनशॉट काढला तर मात्र समोरच्याला कळत नाही.

आता यातलं मुख्य. स्क्रीनशॉट म्हणजे पंचनामा आहे, मुद्देमाल नव्हे. मुद्देमाल म्हणजे तो मूळ मेसेज, त्या यंत्रातला. पुष्कळजणी फोटो काढून झाला की घाण नको म्हणून संभाषण पुसून टाकतात, किंवा ब्लॉक करताना 'चॅट डिलीट करा' यावरही खूण राहून जाते. ब्लॉक जरूर करा, पण चॅट राहू द्या. त्याने नाहीसे होणारे मेसेज चालू केले असतील तर एक दिवसात, सात दिवसांत नाहीतर नव्वद दिवसांत ते जातील, म्हणून ते आधी टिपा. आणि 'चॅट एक्सपोर्ट' करून सगळं संभाषण एका फाइलमध्ये घेऊन ठेवा.

कोर्टाचं म्हणणं थोडक्यात. जुन्या पुरावा कायद्यातलं ६५ ब कलम तुम्ही ऐकलं असेल. २०२० सालचा त्यावरचा मोठा निकाल आपल्याकडचाच, जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, मूळ यंत्र कोर्टापुढे आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. नुसती प्रत देणार असाल तर प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात हे कलम ६३ आहे. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याला जोडलेलाच आहे. त्याचा एक भाग यंत्र वापरणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हा त्या फाइलचा अंगठाच समजा. फोटोचा एक ठिपका बदलला तरी अंगठा बदलतो. म्हणूनच मघाशी कापू नका, रंगवू नका म्हटलं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर ते तो दाबून लहान करतं, म्हणजे अंगठा बदलला. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

टॅब पोलिसांनी ताब्यात घेतला तर जप्तीच्या पंचनाम्याची प्रत मागा, आणि त्याआधी प्रती काढून घेतलेल्या असू द्या. टॅब मुलीच्या अभ्यासाचा असतो आणि परत कधी मिळेल ते कुणी सांगत नाही. मी तर म्हणेन, तक्रार द्यायला जाण्याच्या आदल्या दिवशी मुलीची वह्या-पुस्तकंही त्यातून काढून घ्या.

सांभाळायचं कसं, ते माझ्या दृष्टीने काढण्यापेक्षा अवघड. एक साधी दोनशेपानी वही करा. तारीख, वेळ, कुणाकडून, काय आलं एका ओळीत, आणि फोटोच्या फाइलचं नाव. अँड्रॉइडवर फाइलच्या नावातच तारीख-वेळ असते, पण ती फोटो काढल्याची, मेसेज आल्याची नव्हे. या दोहोंत गल्लत होते, म्हणून वही. फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन केंद्राच्या कपाटात, कुलपात ठेवायचे. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली तर त्या संगणकावरून फाइल पुसून, कचऱ्याची टोपली रिकामी करूनच उठायचं.

आता घरातला टॅब. त्यात खातं कुणाचं आहे? बहुतेक वेळा नवऱ्याचं किंवा मुलाचं. गुगल फोटोज चालू असेल आणि स्क्रीनशॉट्सच्या कप्प्याचा बॅकअप चालू असेल, तर तिने दुपारी काढलेला फोटो संध्याकाळी त्याच्या फोनवर हजर. आयपॅडवर आयक्लाउडचंही तेच. तेव्हा बाईला "स्क्रीनशॉट काढून ठेव" असा सल्ला देण्याआधी हे तपासायचं. पुसलेला फोटोही लगेच जात नाही, तो महिनाभर तरी 'ट्रॅश'मध्ये, आयपॅडवर 'नुकतेच डिलीट केलेले' यात, पडून असतो. तिथूनही काढावा लागतो. काही घरांत मी तर सांगते, टॅबला हात लावू नकोस, शेजारणीच्या फोनने पडद्याचा फोटो घे.

याचीच उलटी बाजू. तिचं व्हॉट्सॲप त्या टॅबला जोडून कुणी वाचत आहे का? तिच्या फोनमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. तिथे जोडलेल्या यंत्राचं नाव आणि ते शेवटचं केव्हा चाललं ते दिसतं. घाईने ते तोडू नका, आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. बाईच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये, पाठलागाच्या गुन्ह्यात, स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि तोडलं की त्याला कळतं, म्हणून तोडायचं कधी ते तिच्या सुरक्षिततेचा विचार करून ठरवायचं.

स्क्रीनशॉट दुधारी आहे, हेही बोलू. खोटं संभाषण तयार करून "बघा हिचं चारित्र्य" म्हणणारे नवरे आपल्याला भेटतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नवरा-बायकोमधलं चोरून रेकॉर्ड केलेलं बोलणं घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून घेता येतं. तेव्हा त्याने स्क्रीनशॉट आणला तर आपणही विचारायचं, मूळ मेसेज कुठे आहे, प्रमाणपत्र कुठे आहे? आपण आपल्या कागदांत जेवढ्या काटेकोर, तेवढं हे विचारताना तोंड उघडेल.

एका गोष्टीत मी तडजोड करणार नाही. बाईचे स्क्रीनशॉट कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. सल्ला हवा म्हणून नाही, संताप आला म्हणून नाही, निषेधाच्या पत्रकासाठीही नाही. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं कलम ७२ खाली गुन्हा आहेच, पण इतर प्रकरणांतही तिची लाज आपल्या चर्चेचा विषय होता कामा नये. दोनशे जणींच्या ग्रुपमध्ये तिच्या नवऱ्याची एखादी मावसबहीण निघतेच.

आणि चित्रातली मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर स्क्रीनशॉट काढायचाच नाही, साठवायचा नाही, आपल्या वकिलांनाही पाठवायचा नाही. असं चित्र बाळगणं हाच पॉक्सोखाली गुन्हा ठरू शकतो, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये हे स्पष्ट केलं. हेतू चांगला होता हे मग चौकीत समजावत बसावं लागतं. पानाचा पत्ता, खात्याचं नाव, वेळ वहीत लिहा आणि ते घेऊन लगेच पोलिसांकडे जा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशा मजकुराची तक्रार आपलं नाव न देताही करता येते.

आता चहा घ्या. नंतर दोघी-दोघींना एक टॅब मिळेल. एकीने दुसरीला चार मेसेज पाठवायचे, पहिला पुसून टाकायचा, आणि दुसरीने तोवर काय काय टिपलं ते वहीत नोंदवून मला दाखवायचं. नंबर कुणाच्या फोटोत आला नाही ते बघू.