आरपार दगड
(निलंगा येथील अभियंता संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



‘अभियंत्याची नोकरी आणि समाजाचं काम’ हा विषय संयोजकांनी मला दिला आहे. या विषयावर बोलताना रक्तदान, वृक्षारोपण, शाळेला दिलेली पाण्याची टाकी यांची आठवण काढायची पद्धत आहे. ही कामं चांगलीच आहेत, ती होत राहावीत. पण ती व्यापारीही करतो, वकीलही करतो. अभियंत्यानं अभियंता म्हणून समाजाचं कोणतं देणं द्यायचं, याचं उत्तर शोधायला आपल्याला फार लांब जायला नको. औसा तालुक्यातलं किल्लारी इथून तासाभराच्या वाटेवर आहे.

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन करून माणसं झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. गेली ती भूकंपानं असं आपण म्हणतो. खरं तर ती घराखाली गेली. आपल्या भागातलं जुनं घर कसं असे, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, लाकडी खांब-तुळयांचे खण आणि वर मातीचं माळवद. भिंत बाहेरून भक्कम दिसायची. आत मात्र ती एक भिंत नव्हतीच. बाहेरच्या बाजूला दगडांचा एक पदर, आतल्या बाजूला दुसरा, मधे माती आणि कपच्यांची भर. हे दोन पदर एकमेकांना बांधणारा आरपार दगड बहुतेक घरांत नव्हता. हादरा बसला आणि दोन्ही पदर दोन बाजूंना फुगून कोसळले. वरून माळवद आलं. पावसाळ्याआधी गळती थांबवायला दरवर्षी मातीचा नवा थर चढे आणि जुना कुणी काढत नसे. दीड फूट जाडीचा थर धरा. दहा बाय दहाच्या खोलीवर साडेसहा-सात टन माती होते. त्याखाली माणसं झोपलेली होती.

दगडी बांधकामात आरपार दगड घालावा, हे डिप्लोमाच्या पुस्तकात असतं. छतावरचं वजन कमी असावं, हे सांगायला भूकंपशास्त्रज्ञ लागत नाही. सरकारी नकाशावर तेव्हा हा सगळा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, हे खरं आहे. २००२ साली तो तिसऱ्या पट्ट्यात घातला गेला. पण नुसत्या पावसानंसुद्धा अशा भिंती दरवर्षी पडत होत्या, हे आपल्याला दिसत होतंच. मग ज्ञान आपल्याकडे आणि भिंत गावकऱ्यांकडे, या दोहोंची गाठ का पडली नाही?

कारण त्या घरांचा नकाशा कधी मंजुरीला आला नाही. त्यांचं अंदाजपत्रक झालं नाही, निविदा निघाली नाही, मोजमाप पुस्तकात त्यांची एक ओळ लिहिली गेली नाही. आपला धंदा कागद पुढ्यात आला की सुरू होतो. गावातल्या शंभरांतल्या नव्वद घरांचा कागदच नसेल, तर ती आपल्याला दिसत नाहीत. शाळेची खोली बांधायला गावात गेलेला अभियंता चहा प्यायला ज्या घरात बसतो, त्या घराच्या भिंतीकडे तो वर मान करून पाहत नाही. मला या विषयात एवढी एकच गोष्ट सांगायची आहे, की ते पाहणं हा आपल्या कामाचा भाग आहे. तो निवृत्तीनंतरचा छंद नाही.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्यानं मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. त्यातून शिकण्यासारखं जेवढं आहे, तेवढं आपण अजून शिकलेलो नाही. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं मजबूत झाली, यात शंका नाही. पण आखणी शहरातल्या वसाहतीसारखी झाली. सरळ रेषेतले रुंद रस्ते, सारखे प्लॉट, सुटी सुटी घरं. ज्या भावकीचे वाडे भिंतीला भिंत लावून होते, ती पांगली. जनावर कुठे बांधायचं, कडबा कुठे रचायचा, बायकांनी दुपारी कुठे बसायचं, याचा विचार नकाशात नव्हता. लोकांनी पुढे पत्रे ठोकून, ओटे बांधून, कुडाचे आडोसे करून तो आपला आपण केला. त्या वाढीव बांधकामांवर ‘अतिक्रमण’ असा शेरा मारणाऱ्यांना मी विनंती करीन, की तो प्रत्येक आडोसा म्हणजे आपल्या नकाशात राहिलेली एक चूक आहे, तशी तिची नोंद करा.

उरलेल्या गावांत, सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम होता. तिथे वेगळं घडलं. पैसे घरमालकाला हप्त्यांनी मिळणार, काम त्यानं स्वतः करून घ्यायचं आणि कनिष्ठ अभियंत्यानं तपासायचं, अशी रचना होती. शेकडो गावांत अभियंता एकटा पुरणार नव्हता. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकारानं महिला मंडळांतल्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. त्या घरोघर गेल्या. भिंतीत काँक्रीटचा पट्टा कुठे घालायचा, कोपऱ्यात सळई कशी वळवायची, सिमेंटला पाणी किती दिवस मारायचं, हे त्यांनी शिकून घेतलं आणि गवंड्याला विचारायला सुरुवात केली. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बाया तिकडच्या बायांना आपले अनुभव सांगायला गेल्या. आपल्यापैकी कितीजण गेले होते, हे ज्यानं त्यानं आठवावं.

याच कार्यक्रमात अभियंत्यांचा एक सल्ला लोकांनी मानला नाही, तेही सांगितलं पाहिजे. जुन्या भिंतीला भोकं पाडून, त्यांत सळई आणि काँक्रीट भरून आरपार दुवे करावेत, माळवदाची माती कमी करावी, खांब-तुळईच्या कोनात तिरके आधार ठोकावेत, असा तो सल्ला होता. तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आणि स्वस्त. तरीही बहुतेकांनी त्या पैशात सिमेंटची एक नवी खोली बांधली आणि जुनं घर तसंच ठेवलं. लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला होता. दगडानं माणसं मारली, अशीच सगळ्यांची समजूत होती. इथे निलंग्यात नीळकंठेश्वराचं मंदिर आहे, घडीव दगडाचं, कित्येक शतकं उभं आणि १९९३ नंतरही उभं. दोष दगडाचा नसून जोडणीचा होता, हे पटवायला त्या मंदिरापेक्षा मोठा पुरावा कुठला हवा होता? पण पटवण्याचं काम ना अंदाजपत्रकात होतं, ना आपल्या शिक्षणात. एखाद्या गवंड्याकडून नमुन्याची भिंत बांधून घ्यावी, ती हलवून दाखवावी, आजीच्या शंकेला तिच्या भाषेत उत्तर द्यावं, याला वेळ लागतो. तो वेळ आपण ‘कामाव्यतिरिक्त’ धरतो. माझ्या मते खरं काम तेच होतं.

हे ज्यांनी ओळखलं असे अभियंते महाराष्ट्रात झाले आहेत. पुण्याचे विलासराव साळुंखे अभियंता आणि कारखानदार होते. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी पुरंदर तालुक्यातली खडी फोडणारी माणसं पाहिली आणि नायगावला देवस्थानची चाळीस एकर माळजमीन घेऊन पाणलोटाचं काम उभं केलं. पुढे त्यातून पाणी पंचायत आली. नालाबंडिंग आणि उपसा योजना कुणीही अभियंता करील. साळुंख्यांची बुद्धिमत्ता दिसते ती वाटपाच्या नियमांत. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, माणशी मिळेल. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क. ऊस लावायचा नाही. खर्चाचा वाटा लोकांनी उचलायचा. हे नियम म्हणजेही एक आराखडा होता आणि तो त्यांनी गावासोबत बसून आखला. आपल्याकडे मांजरा धरणात पाणी नसतं तेव्हा उसाची चर्चा होते आणि पाऊस पडला की थांबते. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली, त्या दिवसाचं गांभीर्य लोक विसरले तरी आपल्याला विसरून चालणार नाही.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यातले बरेचजण पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला जातील. जा. त्यात कमीपणा नाही. पण जाण्याआधीचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तरी इथल्या प्रश्नावर करा. २०१६ पासून ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ आहे. महाविद्यालयांनी आपल्या जिल्ह्याच्या पाणी, रस्ते, ऊर्जेच्या प्रश्नांवर काम करावं, असा शासनाचाच निर्णय आहे. बाजारातून विकत आणलेला प्रकल्प बांधून देण्यापेक्षा तुमच्या गावची नळयोजना तीन वर्षांत का बंद पडली, याचा प्रामाणिक अहवाल लिहा. तो ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवा. प्रश्नांची उत्तरं देता आली, तर तुम्हाला विषय कळला.

आणि इथे बसलेल्या वरिष्ठांना एक सांगणं. गावात संध्याकाळी बसून काम समजावून सांगणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याची आपल्या व्यवस्थेत कुठेही नोंद होत नाही. खर्च किती झाला, काम किती टक्के झालं, एवढंच विचारलं जातं. त्याच्या गोपनीय अहवालात त्या संध्याकाळींसाठी जागा करा. ते तुमच्या हातात आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये याच निलंगा तालुक्यात हासोरी आणि आसपासच्या गावांत जमिनीतून आवाज आले, सौम्य धक्के बसले. माणसं भीतीनं घराबाहेर आली. जवळजवळ तीस वर्षांनी तीच भीती, आणि आपल्या तालुक्यांत दगडमातीची घरं आजही आहेत. म्हणून माझा प्रस्ताव असा. दरवर्षी १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, आपण विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घालतो. या वर्षीपासून १५ ते ३० सप्टेंबर हा पंधरवडा आपण घरं पाहण्यासाठी ठेवू. एका गावाला एक अभियंता, एक गवंडी आणि त्या गावातली एक बाई, असे तिघं. भर पावसाळ्याचे ते दिवस असतात, माळवद ओलं आणि सर्वांत जड असतं, भिंतीचा फुगवटा डोळ्यांना दिसतो. घर पाहायचं, धोका कुठे आहे ते घरच्यांना दाखवायचं, आणि कमीत कमी खर्चात काय करता येईल ते एका कागदावर लिहून द्यायचं. पैसे घ्यायचे नाहीत. सुरुवात हासोरीपासून करू. गावांची यादी आणि नावनोंदणीची वही मंडपाच्या दाराशी ठेवली आहे. आपल्या नावापुढे गावाचं नाव आणि तारीख आजच लिहा. दुपारच्या सत्रात गवंडी मंडळी आरपार दगडाची भिंत बांधून दाखवणार आहेत, तिथे तुम्ही सगळे उभे असावेत, अशी माझी विनंती आहे.