बकरी कधी विते?

मंडळी, पावसात करडं मरतात, हे आपल्या कोकणात कुणाला नव्याने सांगायला नको. दोन करडं जन्मली, आठ दिवस अंगणात उड्या मारल्या, मग झड लागली आणि त्यांनी मान टाकली. कुणी म्हणतं, दृष्ट लागली. आम्ही म्हणतो, करडं भलत्या महिन्यात जन्मली.

बकरी फळल्यापासून सुमारे 150 दिवसांनी विते. म्हणजे पाच महिने. होळीला फळलेली बकरी नारळी पौर्णिमेच्या सुमारास विते. बोटांवर मोजून पाहा. (मध्ये अधिक महिना आला तर तोही मोजावा.) त्या वेळी बाहेर पाऊस, गोठ्यात ओल. ओलीत करडाला सर्दी होते, छाती भरते, हगवण लागते. बकरी पोटभर चरत नाही, म्हणून दूधही कमी.

थंड मुलखात वेळ निसर्गच साधतो. न्यूझीलंड देशात लोक हरणे पाळतात, आपण बकऱ्या पाळतो तशी. दिवस लहान होऊ लागला की तिथली हरिणी माजावर येते. तिची पाडसे नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मतात. तेव्हा तिकडे उन्हाळा असतो. आपल्या मालवणात डिसेंबरचा दिवस सुमारे 11 तासांचा आणि जूनचा 13 तासांचा. फरक थोडा. म्हणून आपली बकरी बारा महिने माजावर येते. आपल्या जिल्ह्यातली कोकण कन्याळ बकरी पावसाला काटक खरी, पण करडू ते करडूच!

तेव्हा महिना आपणच ठरवायचा. मिरगानंतर हिरवा पाला येतो, बकरी अंग धरते. जून-जुलैत तिला बोकड दाखवा. माज एक-दोन दिवस टिकतो. चुकला तर सुमारे 21 दिवसांनी पुन्हा येतो. करडं नोव्हेंबर-डिसेंबरात येतील आणि पुढच्या मिरगापर्यंत चांगली धट्टीकट्टी होतील. जानेवारी ते एप्रिल मात्र बोकड वेगळा बांधा. शेजाऱ्याचा बोकड मोकळा फिरतो, त्याचं काय? ते साऱ्या वाडीने बसून ठरवायला हवे. एकट्याने दोरी बांधून भागत नाही.

आणि एखादी बकरी पावसात व्यालीच तर? जमिनीपासून उंच माच करा. फळ्यांत फट ठेवा, म्हणजे लेंड्या नि मूत खाली पडेल. पण करडाचा पाय अडकेल एवढी फट नको. करडू पुसून कोरडे करा आणि तासाभरात त्याला चीक पाजा. वार पडायची वाट बघत बसू नका.