मुक्यांची कैफियत



माझी हयात वनखात्याच्या चाकरीत, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या रानांत गेली. त्यामुळे या स्नेहसंमेलनातील भाषणासाठी विषयाची निवड मला अवघड गेली नाही. आपल्या अरण्यातील जे जीव नामशेष होण्याच्या मार्गावर आहेत, त्यांच्या वतीने बोलण्याची प्रेरणा माणसाला लाभते कोठून, आणि ती लाभल्यावर त्याने बोलावे काय, या दोनच प्रश्नांचा आज आपण विचार करू.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर भामरागडच्या अरण्यात सापडते. हेमलकसा येथे १९७३ साली बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे या दांपत्याने तेथे आपला संसार आणि दवाखाना थाटला, त्या आरंभीच्या काळातील ही हकीकत आहे. शिकारीहून परतणारे काही माडिया आदिवासी बांधव एका मेलेल्या माकडिणीला वाहून नेत होते. आई गतप्राण झाली आहे याचा यत्किंचितही बोध नसलेले तिचे पिल्लू तिच्या छातीला बिलगून स्तनपानासाठी धडपडत होते. प्रकाशभाऊंनी ते पिल्लू मागून घेतले, घरी आणून वाढवले आणि त्याचे नाव बबली ठेवले. पुढे बिबटे, अस्वले, साळिंदरे, हरणे अशा अनेक अनाथ जीवांना ज्या अंगणात आश्रय मिळाला, त्याचा प्रारंभ या एका पिल्लापासून झाला.

मित्रहो, करुणा अशी एका मुखाकडे पाहूनच जागी होते. समग्र वन्यसृष्टीवर एकदम प्रेम करणे कोणालाही साधत नाही. परंतु या प्रसंगाचा उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो. ज्यांनी ती माकडीण मारली त्यांना डॉक्टरांनी दूषण दिले नाही. ही माणसे पोटाची खळगी भरण्यासाठी शिकार करतात हे ओळखून, पिल्ले मारू नका, ती आम्हांला आणून द्या, आम्ही तुम्हांला धान्य देऊ, असा व्यवहार त्यांनी मांडला. भुकेल्याला अन्न मिळाले आणि पिल्लाला आसरा. वन्य जीवांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्याने रानाकाठच्या माणसाची बाजू प्रथम ऐकून घ्यावी, हा धडा मी तेथून घेतला.

तो धडा चंद्रपुरात नित्य गिरवावा लागतो. मोहफुले वेचायला पहाटे गेलेली आई किंवा तेंदूपत्ता तोडायला गेलेले वडील परत आलेच नाहीत, अशी घरे आपल्या गावागावांत आहेत. कदाचित या मंडपातही त्या घरांतील मुले बसली असतील. त्यांना वाघाच्या सौंदर्याविषयी प्रवचन देण्याचा अधिकार मला नाही. ताडोबाच्या तलावाकाठी ज्या तारूचे देवस्थान आहे, तो वाघाशी झुंजताना पडला अशी परंपरागत कथा आहे. त्याला देव मानून पूजणाऱ्या आपल्या पूर्वजांनी पडलेल्या माणसाविषयी आदर राखला आणि त्याच अरण्यात वाघालाही नांदू दिले. तेच अरण्य १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि आज जग ते पाहायला येते.

आता वाघाचा पक्ष प्रत्यक्षात कसा मांडला जातो ते सांगतो. वाघाने गाय मारली की पंचनामा होतो. वनरक्षक वाकून मानेवरील सुळ्यांच्या खुणा तपासतो, ओल्या मातीतील पंजाचे माप घेतो, पंच सह्या करतात किंवा अंगठे उठवतात. आणि गाईचा धनी बांधावर उकिडवा बसून, हातातल्या दाव्याची गाठ उगाच सोडीत आणि बांधीत, हे सारे निमूटपणे पाहत असतो. नुकसानभरपाई वेळेवर हाती पडली तर तो उठून घरी जातो. कागद दप्तरात अडकून पडला, हेलपाटे सुरू झाले, तर कोणाच्या तरी संतापाला वाट फुटते आणि दुसऱ्या खेपेस मेलेल्या जनावरावर विष टाकले जाते, किंवा रानडुकरांना अडवण्याच्या निमित्ताने शेताच्या तारेत वीज सोडली जाते. वाघाला कचेरीत अर्ज करता येत नाही. पण शेजाऱ्याचा भरपाईचा अर्ज जो विद्यार्थी मुदतीत लिहून देतो, तो वाघाचीच कैफियत दाखल करीत असतो, अशी माझी दृढ श्रद्धा आहे.

वाघाला निदान कैवारी पुष्कळ आहेत. गिधाडाला ते फार थोडे. १९९० नंतरच्या काळात ही पाखरे झपाट्याने आभाळातून नाहीशी झाली, आणि गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध त्यांच्या शवांतून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे संशोधकांनी चिकाटीने सिद्ध केले, तेव्हा २००६ साली भारत सरकारने गुरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आणली. गडचिरोलीत वनविभागाने गावकऱ्यांच्या साह्याने गिधाडांना निर्धोक शवे पुरवण्याची व्यवस्था केली. आपल्या गोठ्यातील बैलाला टोचल्या जाणाऱ्या औषधाचे नाव विचारणे आणि त्याऐवजी गिधाडांना निरुपद्रवी असलेले मेलॉक्सिकॅम मागणे, हेही गिधाडाच्या वतीने बोलणेच होय.

तीच गोष्ट रानम्हशीची. सिरोंचा वनविभागातील कोलामार्का हे या प्राण्याचे महाराष्ट्रातील अखेरचे आश्रयस्थान. २०१३ साली ते संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले. पाळीव जनावरांचे रोग आणि त्यांच्याशी होणारा संकर ही या वंशावरील दोन मोठी संकटे आहेत, आणि त्यांचे निवारण गुरे चारणाऱ्या गावांच्या सहकार्यावाचून कोणत्याही सरकारी हुकुमाने होणे नाही.

परंतु केवळ अर्जविनंत्यांनी भागत नाही, असाही प्रसंग येतो. ताडोबालगत लोहारा येथे कोळशाची खाण येऊ घातली, तेव्हा याच चंद्रपूर शहरातील इको-प्रो संस्थेच्या बंडू धोतरे या तरुणाने २००९ साली चौदा दिवस अन्नत्याग केला. शहर त्याच्या पाठीशी उभे राहिले, दिल्लीला दखल घ्यावी लागली आणि ती खाण झाली नाही. अधिकारपद, संपत्ती वा मोठे नाव यांपैकी काहीही गाठीशी नसताना, आपण कोणत्या भूमीचे रहिवासी आहोत याचे निःसंदिग्ध भान ज्याला असते, त्याच्या शब्दाला केवढे वजन प्राप्त होते, याचा हा आपल्या दारातला दाखला आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, माझे मागणे लहान आहे. आपापल्या गावाच्या शिवारातील एक जीव निवडा. त्याचा अधिवास, त्याचे खाद्य, त्याचे शत्रू नीट जाणून घ्या. त्याच्यापायी ज्या माणसाचे नुकसान होते त्याच्या ओसरीवर जाऊन बसा, त्याचे गाऱ्हाणे पुरते ऐका. आणि मग ग्रामसभेत उभे राहून दोघांच्याही वतीने बोला. ग्रामसभेचा ठराव हा कायद्याने मानलेला कागद आहे, आणि मतदारयादीत नाव असलेल्या आपणां प्रत्येकाला तेथे बोलण्याचा हक्क आहे. तो हक्क आपण बजावाल असा मला पूर्ण भरवसा आहे.