घरचा वाढदिवस

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला सांगितलं होतं, ‘सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या जमाखर्चावर बोला.’ तो ताळेबंद तुम्हाला छापील मिळालाच आहे, आणि तो कोणी वाचणार नाही हेही मला ठाऊक आहे. त्यामुळे आज दुसऱ्याच एका हिशेबाबद्दल बोलतो.

गेल्या जानेवारीत माझ्या नातीला सात वर्षं पूर्ण झाली. घरात चर्चा निघाली, हॉल घ्यायचा की हॉटेलात करायचं. ताटामागे दर, डेकोरेशन वेगळं, खेळ घेणारा माणूस वेगळा, शिवाय प्रत्येक मुलाला रिटर्न गिफ्ट. आकडा ऐकला आणि मी माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. आपल्या वाड्यात वाढदिवस कसे घरी व्हायचे, पताका घरच्या, केक घरचा, सगळा वाडा कसा जमायचा वगैरे. मुलानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाबा, पण तुम्ही कधी होतात तिथे?”

मंडळी, उत्तर नव्हतं. मुलाचा जन्म ३० डिसेंबर १९७८ चा. त्या वेळी बँकांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपायचं. आजच्या मुलांना कल्पना यायची नाही, पण व्याजाचे प्रॉडक्ट्स हातानं काढायचे, लेजरं जुळवायची, आणि दहा पैशांचा फरक असला तरी तो सापडेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. शेवटचं डिसेंबर क्लोजिंग १९८७ ला झालं, पुढचं एकदम ३१ मार्च १९८९ ला. म्हणजे मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला मी मोकळा होतो. पण तोवर माझी लातूरला बदली झाली होती!

तेव्हा ज्या वाढदिवसांचं मी इतकं कौतुक करतो, ते मी पाहिले ते रात्री अकरा वाजता. ओट्यावर ताटलीखाली ताटली झाकून ठेवलेली असायची. दोन बटाटेवडे, नारळाची वडी, केकचा तुकडा. तो केक वाड्यातल्या खालच्या काकूंच्या ओव्हनमधला. गोल, ॲल्युमिनियमचा, विजेवरचा एकच ओव्हन होता सगळ्या वाड्यात, आणि वाढदिवस कुणाचाही असो, तो त्या घरी जायचा. भिंतीवर लोंबणाऱ्या पताका आणि झोपलेला मुलगा. एवढंच मी पाहिलं.

माझ्या स्वतःच्या लहानपणी तर पार्टी हा शब्दच नव्हता. आई तिथीनं ओवाळायची आणि शिरा करायची, साखर रेशनची असली तरी. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं पाणी वाड्यात शिरलं तेव्हा मी अकरा वर्षांचा. पुढं श्रावणात माझी तिथी आली तेव्हा आम्ही मामांकडे राहत होतो. आईनं शेजारणीकडून तबक आणि निरांजन उसनं आणलं. अंगठी नव्हती म्हणून नुसत्या सुपारीनं ओवाळलं. त्या वर्षीचं ओवाळणं मला लख्ख आठवतं, बाकीची एकात एक मिसळून गेली आहेत.

असो. मुलाच्या प्रश्नानंतर सून म्हणाली, “बाबा, घरी करायला माझी ना नाही. पण करणार कोण? मी सहाला घरी पोचते.” आमच्या सौभाग्यवतींनी तर जाहीरच केलं, “अहो, मी दहा वर्षं केलं, तेव्हा कोणी विचारलं नाही. आता मी ओवाळायला येईन, स्वयंपाकघरात येणार नाही.” दोघींचंही बरोबर होतं. घरचा वाढदिवस स्वस्त पडायचा, कारण बाईच्या कष्टाची नोंद खर्चाच्या बाजूला कधी होतच नव्हती. बँकेत असा ताळेबंद कोणी पास केला नसता.

मग मीच म्हणालो, मी करतो.

अप्पा बळवंत चौकातून घोटीव कागद आणला. चौकोनी तुकडे कर्णावर दुमडून सुतळीवर अडकवायचे आणि आतून चिकटवायचे. खळ मैद्याची, घरीच शिजवलेली. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, म्हणजे कसर लागत नाही. पण मोरचूद विषारी, आणि आमच्याकडे काम करणारे हात सात-आठ वर्षांचे, म्हणून नाही घातला. नात आणि तिच्या मैत्रिणी तीन दिवस संध्याकाळी येऊन बसत. निम्म्या पताका वाकड्या झाल्या. तशाच लावल्या.

जानेवारी म्हणजे मंडईत मटार भरपूर. चार किलो शेंगा आणल्या. तिसऱ्या मजल्यावरचे आपले निवृत्त मास्तर आणि मी, दोघांनी दीड तास सोलल्या. मटाराच्या करंज्या करायच्या ठरल्या होत्या. पहिला घाणा तेलात फुटला. सारण ओलसर राहिलं होतं आणि मी ते गरमच भरलं होतं. सारण कोरडं परतून पूर्ण गार करायचं असतं, हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. सौ. खुर्चीतून हसत होत्या, पण उठल्या नाहीत. दिलेल्या शब्दाला त्या पक्क्या! केक रव्याचा. रवा, दही, साखर, दूध अर्धा तास भिजवून ठेवायचं, सोडा अगदी शेवटी. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी मीठ पसरून, मंद आचेवर पाऊण तास. तो मात्र पहिल्याच फटक्यात जमला.

जागा? आमचा हॉल तुम्ही पाहिलाच आहे. मुलं सतरा. समोरच्या वहिनींनी आपलं दार उघडं ठेवलं, शेजारच्यांनी आमचा सोफा आपल्या घरात घेतला. खाणं एका फ्लॅटमध्ये, संगीत खुर्ची दुसऱ्यात. तबकात वीस वस्तू ठेवून, मिनिटभर दाखवून, झाकून, आठवतील तेवढ्या लिहायच्या, हा खेळ मास्तरांनी घेतला. बक्षीस एकेक पेन्सिल, आणि ती सगळ्यांनाच.

आमंत्रण देताना ‘भेटवस्तू आणू नका’ असं मी प्रत्येक दारात स्वतः जाऊन सांगितलं होतं. आपल्याच बिल्डिंगमधलं एक मूल आजवर कुणाच्याच वाढदिवसाला जात नसे. ते आलं, आणि वीसपैकी अठरा वस्तू त्यानं लिहिल्या. आधी ते का येत नव्हतं हे मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

मेणबत्ती की निरांजन, यावर थोडा वाद झाला. सौ. म्हणाल्या, दिवा फुंकायचा नाही. नात म्हणाली, फुंकायचाच. शेवटी आधी ओवाळलं, निरांजन देवापाशी नेऊन ठेवलं आणि मग मेणबत्त्या फुंकल्या.

मुलगा साडेसहाला येणार होता. हिंजवडीहून निघायलाच त्याला उशीर झाला, पुढं रस्त्यात अडकला. पोचला तेव्हा पावणेनऊ झाले होते. मुलं घरी गेली होती, नात सोफ्यावरच झोपली होती. सोफा तोवर परत आला होता.

मी ओट्यावर ताटली झाकून ठेवली होती. दोन करंज्या, केकचा तुकडा. त्यानं वरची ताटली उचलली, थोडा वेळ नुसताच बघत राहिला. मग उभ्या उभ्याच करंजी खाल्ली आणि म्हणाला, “बाबा, मीठ कमी आहे.”